माशी कुठे बसली होती?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या सरांच्या हाताखाली मी प्राणिशास्त्र शिकले. विद्यार्थ्याने काचेच्या नळीत घालून कीटक आणला की सर त्याचं नाव सांगायची घाई करत नसत. ‘बसला कुठे होता?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असे. पानावर म्हटलं तर वरच्या बाजूला की खालच्या, झाडावर म्हटलं तर फांदीच्या टोकाला की खोडाला, अशी उलटतपासणी चाले. उत्तर देता आलं नाही तर नळी परत हातात येई आणि ‘जाऊन बघून ये’ एवढंच ऐकायला मिळे. आज मी ज्या माश्यांबद्दल बोलणार आहे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्यांची बसायची जागा म्हणजे त्यांच्या ओळखीचा अर्धा भाग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि तेच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

कीटकांचा नाद असलेली मंडळी या माश्यांना रॉबर फ्लाय म्हणतात. आपण लुटारू माशी म्हणू. त्यांचं कुळ ॲसिलिडी. लत्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये ते वेगळं मांडलं. आज जगभरातून त्याच्या ७ हजारांहून अधिक जातींची नोंद आहे, भारतातून साडेचारशेच्या वर. सगळ्यांचा उद्योग एकच. दुसरा कीटक धरायचा, आपली ताठ, टोकदार सोंड त्याच्या अंगात खुपसायची आणि लाळ आत सोडायची. या लाळेने भक्ष्य लुळं पडतं आणि त्याच्या आतले मऊ भाग विरघळू लागतात. मग ते शोषून घ्यायचे आणि रिकामं टरफल खाली टाकायचं. लुटारू माशीच्या अळ्याही बहुतेक शिकारीच. त्या मातीत किंवा कुजक्या लाकडात राहून दुसऱ्या कीटकांच्या अळ्यांवर जगतात. पंख फुटल्यावरचं जे थोडं आयुष्य उजेडात जातं, तेवढंच आपल्या दृष्टीला पडतं.

माळावरून मोठ्याने भणभणत जाणाऱ्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या लुटारू माश्या तुमच्यापैकी अनेकांनी बघितल्या असतील. त्यांच्या तावडीत कधी टोळ दिसतो, कधी मधमाशी. त्यांचे फोटो निघतात, त्यांच्याविषयी लिहिलंही जातं. त्यांना मी आज बाजूला ठेवते. मला बोलायचं आहे ते एक सेंटिमीटरच्या आतल्या माश्यांबद्दल. या कुळात अगदी ३ मिलिमीटरच्याही माश्या आहेत. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या माणसाच्या कोपरापासून हातभर अंतरावर त्या बसलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्यांना चिलट किंवा वाळकं बी समजून आपण पुढे जातो.

मुळात ही लुटारू माशीच आहे हे ओळखायचं कसं? समोरून तिचं डोकं बघा. दोन मोठे डोळे, आणि त्यांच्यामध्ये डोक्याचा माथा खोल गेलेला. माथ्याच्या या खळग्यात एक उंचवटा आणि त्यावर तीन साधे डोळे. हा खळगा ही या कुळाची सगळ्यांत भरवशाची खूण. दुसरी खूण मिशीची. चेहऱ्याच्या खालच्या भागात, सोंडेच्या वर, राठ केसांचा झुबका असतो. सोंडेवर टोचलेलं भक्ष्य पाय झाडत असतं तेव्हा डोळ्यांना आणि चेहऱ्याला या केसांचं संरक्षण मिळतं, असं मानलं जातं. तिसरी खूण पायांची: पाय मजबूत, काट्यांसारख्या राठ केसांनी भरलेले, शिकार पकडायला आणि पकडून ठेवायला घडवलेले. आणि पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे, ज्यांना आपण संतोलक म्हणतो. गांधीलमाशीचं सोंग घेणाऱ्या लुटारू माश्या कमी नाहीत, पण पंख मोजले की ते सोंग उघडं पडतं.

घोटाळा होतो तो एम्पिडिडी कुळातल्या छोट्या शिकारी माश्यांशी आणि थेरेव्हिडी कुळातल्या केसाळ, निमुळत्या माश्यांशी. एम्पिडिडींचं डोकं लहान आणि गोल असतं, माथ्यावर खळगा नसतो. थेरेव्हिडींचा माथाही सपाट, आणि त्यांची सोंड मऊ, शिकारीच्या काही कामाची नसते. एवढं बघितलं की कुळ नक्की होतं. इथपर्यंतचं काम दहा वर्षांचं मूलही भिंगाने करू शकतं, आणि मी मुलांना ते करताना बघितलं आहे.

कुळ ठरल्यानंतरचं काम मात्र अवघड आहे. ते का अवघड आहे हे समजायला आपल्याकडच्या लुटारू माश्यांच्या अभ्यासाचा इतिहास थोडा बघावा लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी इथे डेन्मार्कची वसाहत होती. तिथून कीटकांचे नमुने जहाजाने युरोपात जात आणि लिनियसचा विद्यार्थी योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याच्यापर्यंत पोचत. भारतातल्या कितीतरी कीटकांची पहिली शास्त्रीय वर्णनं त्याच्या हातची आहेत. १८०५ मध्ये माश्यांवरच्या ग्रंथात त्याने डामालिस ही प्रजाती स्थापन केली. पुढे १८२१ मध्ये कील इथला डॉक्टर विडेमान याने ओमॅटियस ही प्रजाती मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये फ्रान्सिस वॉकर नमुन्यांच्या पेट्या उघडत होता आणि ओळीमागून ओळ वर्णनं लिहीत होता. या सगळ्या नोंदींमध्ये माशीचा रंग आहे, लांबी आहे, पायांचा पिवळेपणा आहे. पत्ता मात्र बऱ्याचदा ‘पूर्व इंडीज’ एवढाच. टाचणीवर खोचलेली माशी ज्याने बघितली त्याने ती जिवंत कधी बघितलेलीच नव्हती, आणि ज्याने पकडली त्याला कोणी विचारलं नव्हतं की ती बसली कुठे होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात एन्रिको ब्रुनेटी नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने संगीतकार, आणि माश्यांचे जाणकार. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्यांनी १९१२, १९२० आणि १९२३ साली माश्यांवर तीन खंड लिहिले. चिलटं, फुलमाश्या, बरीच कुळं त्यांत आली. लुटारू माश्या त्या मालेत आल्याच नाहीत. १९२० च्या आगेमागे गर्ट्रूड रिकार्डो या विदुषीने ब्रिटिश म्युझियममधले नमुने तपासून पौर्वात्य प्रदेशातल्या लुटारू माश्यांवर लेखमाला लिहिली. त्या काळात एका बाईने चिकाटीने केलेलं हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. पण भारतातल्या लुटारू माश्यांवर भारतात लिहिलेला पहिला मोठा खंड यायला १९९८ साल उजाडलं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेला जोसेफ आणि परुई यांचा तो ग्रंथ. आज ज्या लहान माश्यांचा उल्लेख मी करणार आहे त्यांतल्या बऱ्याच त्यात आहेत. तक्ते आहेत, आकृत्या आहेत, नरांच्या जननांगांची रेखाटनं आहेत. जात ठरवायला ही रेखाटनं लागतातच, कारण ओमॅटियससारख्या प्रजातीत दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की नराच्या उदराचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय निकाल लागत नाही.

म्हणजे पेटीतल्या माशीविषयी आपल्याकडे बरंच काही आहे. झुडपावरच्या माशीविषयी फार कमी. आणि ती उणीव भरून काढायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आता एक माशी जवळून बघू. पावसाळा संपत आला की टेकडीवरच्या बोरीच्या झुडपाची एखादी वठलेली काडी शोधा, जी बाकी पाल्याच्या वर किंवा बाहेर उघड्यावर आलेली आहे. तिच्या अगदी शेंड्यावर, जिथे काडी संपते तिथे, सात-आठ मिलिमीटरची एक करडी गाठ दिसते. जवळचं दाखवणारी दुर्बीण लावली की कळतं, गाठीला डोळे आहेत. समोरून तर डोळ्यांखेरीज दुसरं फारसं काही दिसतच नाही. पाठ कुबड आल्यासारखी उंच, उदर सडपातळ, पाय काडीच्या शेंड्याभोवती आवळलेले. ही डामालिस. शरीर जराही हलत नाही, डोकं मात्र सारखं हलतं: झटक्याने डावीकडे, मग वर, मग पुन्हा समोर. वरून एखादं चिलट गेलं की डोकं त्याच्यामागे वळतं. बऱ्याच चिलटांना ती जाऊ देते. मग एकदम काडी रिकामी दिसते. ती उठली कधी हे डोळ्याला कळत नाही, आणि कळेपर्यंत ती त्याच शेंड्यावर परत आलेली असते, सोंडेला चिलट टोचलेलं. थोड्या वेळाने पायांनी चिलट फिरवून ती दुसऱ्या जागी सोंड खुपसते. खाऊन झालं की टरफल खाली पडतं आणि डोकं पुन्हा हलायला लागतं. अशा काडीखाली वाळक्या पानावर बारकाईने बघितलं तर कधीकधी ही टरफलं सापडतात.

या माशीला शेंडाच का हवा असतो? याचं उत्तर मिळतं तिच्या अमेरिकेतल्या एका भाऊबंदाकडून. होल्कोसेफाला फुस्का ही उत्तर अमेरिकेतली माशी डामालिसच्याच उपकुळातली, तशीच डोळस, तशीच काडीच्या टोकावर बसणारी, लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास. केंब्रिज विद्यापीठातल्या पालोमा गोन्सालेस-बेलिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बारीक दोऱ्याला मणी बांधून, मोटरने तो माशीच्या डोक्यावरून सरकवायचा आणि दोन अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तिचं उड्डाण टिपायचं, अशी त्यांची रीत. माशी मण्यालाच भक्ष्य समजून झेपावत असे.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. पहिली डोळ्याची. कीटकाचा संयुक्त डोळा अनेक बारीक भिंगांचा बनलेला असतो. भिंग जितकं मोठं तितकं चित्र स्पष्ट, पण मोठी भिंगं बसवायला डोकं मोठं लागतं. चतुराला ते परवडतं. होल्कोसेफालाला ते परवडायला नको. तिने त्यावर उपाय काढला आहे: डोळ्याच्या समोरच्या मोजक्या भागातली भिंगं खूप मोठी, सुमारे ७८ मायक्रोमीटर रुंदीची, आणि कडेला जात जात ती झपाट्याने लहान. त्यामुळे समोरच्या अरुंद पट्ट्यात तिची नजर तिच्याहून कितीतरी मोठ्या चतुराच्या तोडीची होते. ती सारखं डोकं का हलवते याचा उलगडा इथे होतो. स्पष्ट दिसणारा भाग इवलासा असल्यामुळे हलत्या ठिपक्यावर तो नेमका आणायचा तर डोकं वळवावंच लागतं.

दुसरी गोष्ट झेपेची. ती ठिपक्याच्या पाठीमागे धावत नाही. ठिपका पुढे जिथे पोचणार तिकडे ती निघते, आणि जाताना ठिपक्याची दिशा आपल्या दृष्टीने बदलणार नाही अशा बेताने आपला वेग राखते. समुद्रावरच्या तांडेलाला हे सांगावं लागणार नाही: दुसरं गलबत आपल्याला सतत त्याच दिशेला दिसत असेल आणि जवळ येत असेल, तर टक्कर होणार. माशी हा नियम मुद्दाम साधते. आणि ठिपका साधारण २९ सेंटिमीटरवर आला की ती डाव बदलते. वेग कमी करते, वळून त्याच्या वाटेशी आपली वाट जुळवते आणि मागून येऊन अलगद धरते. 

आता शेंड्याचा प्रश्न पुन्हा विचारू. जी माशी अर्ध्या मीटरच्या आसपासच्या अंतरावरचा मिलिमीटरभराचा ठिपका डोळ्यांनी हेरते, तिला मागे कोरं आकाश हवं. पाल्याच्या पार्श्वभूमीवर चिलट हरवून जाईल. तिला चारी बाजूंनी डोकं फिरवता यायला हवं, आणि उठताना पंखांना पान लागायला नको. वठलेल्या काडीचं उघडं टोक हे सगळं पुरवतं. तिच्या डोळ्याची रचना, मानेची हालचाल आणि बसायची जागा, या तिन्ही गोष्टी एकाच कामासाठी जुळून आल्या आहेत. म्हणूनच जागेची नोंद मला माशीच्या पंखशिरांच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते.

काडीवरून आता वाळूवर उतरू. नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूच्या पट्ट्यांवर आणि कोकणातल्या पुळणींवर स्टिकोपोगॉन प्रजातीच्या माश्या असतात. १८४७ मध्ये लोएव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने ही प्रजाती मांडली. रुपेरी करड्या रंगाच्या, अंगावर फिकट-गडद पट्टे. वाळूवर बसलेल्या असताना दिसणं जवळजवळ अशक्य. पाऊल पुढे पडलं की वाळूचा एक कण उठतो, हातभर अंतरावर जाऊन पुन्हा बसतो, आणि तेव्हा कळतं की ती माशी होती. चेहऱ्याची खूण सांगते: दोन डोळ्यांमधली जागा खालून वर जाताना रुंद होत जाते. बाकी लहान लुटारू माश्यांपेक्षा ती वेगळी काढायला हे पुरेसं आहे, पण चेहरा बघायला मिळण्याआधीच तिच्या बसण्याने तिची ओळख अर्धी झालेली असते. वाळूवर सपाट बसून ती वर बघते, म्हणजे तिच्याही भक्ष्यामागे आकाशच असतं. फरक इतकाच की तिने त्यासाठी काडी न निवडता मोकळी जमीन निवडली.

मोकळ्या जमिनीची किंमत तिला उन्हात मोजावी लागते. दुपारी वाळू हात ठेववणार नाही इतकी तापते, आणि जमिनीला लागून असलेला हवेचा थर सगळ्यांत गरम असतो. जमिनीपासून थोडं वर गेलं तरी तापमान भराभर उतरतं. जमिनीवर बसणाऱ्या लुटारू माश्यांचं उन्हाशी नातं कसं असतं, यावर अमेरिकेत वायोमिंगच्या गवताळ प्रदेशात रॉबर्ट लव्हीन आणि स्टीव्ह डेनिस यांनी १९७० च्या दशकापासून जातीमागून जात घेऊन निरीक्षणं केली. कुठली माशी किती वाजता कुठे बसते, केव्हा शिकार करते, केव्हा जोडी जमते, अंडी कुठे घालते, सगळं माळावर बसून लिहिलं. त्यातून एक ठसठशीत आराखडा दिसतो. सकाळी जमिनीवरची माशी उन्हाला आडवी बसते, अंगाची जास्तीत जास्त बाजू उन्हात. ऊन चढलं की ती तोंड किंवा पाठ सूर्याकडे करते, म्हणजे ऊन कमीत कमी अंगावर पडेल. आणखी तापलं की गवताच्या काडीवर किंवा झुडपावर चढते आणि सावलीची बाजू धरते. संध्याकाळी पुन्हा खाली. हा क्रम सगळ्याच जातींचा तंतोतंत नसला तरी त्यातून आपण एक धडा घ्यायचा: वेळ लिहिल्याशिवाय जागेची नोंद अपुरी आहे. दुपारी दोनला काडीवर दिसलेली माशी काडीवर राहणारीच असेल असं नाही. सकाळी नऊला ती वाळूवर असेल.

तिसरी माशी गवतातली. लेप्टोगॅस्टर आणि तिच्या जवळच्या प्रजाती. मायगेनने १८०३ मध्ये लेप्टोगॅस्टरला नाव दिलं. शरीर इतकं बारीक आणि लांब की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती छोटी टाचणी किंवा लांब पायांचा डास वाटते. कुसळी, पवना, मारवेल असं कमरेइतकं गवत वाढलेलं असतं तेव्हा त्याच्या काड्यांमधून ती अगदी सावकाश, जवळजवळ तरंगत जाते. आणि तिची शिकारीची रीत आतापर्यंत सांगितलेल्या दोघींच्या अगदी उलटी आहे. एका जागी बसून उडत्या भक्ष्यावर झडप घालण्याऐवजी ती उडत उडत काड्या धुंडाळते आणि बसलेलं भक्ष्य उचलते: मावा, छोटा तुडतुडा, कधी जाळ्यातला कोळीसुद्धा. पकडलं की पुढच्या पायांनी गवताच्या काडीला लोंबकळून खाते. मागचे लांब पाय मोकळे, बहुधा पट्टेदार.

तिच्या पायाचं टोक भिंगाखाली बघा. बहुतेक लुटारू माश्यांच्या पावलाला नखांजवळ मऊ गाद्या असतात. पानाच्या किंवा दगडाच्या सपाट पृष्ठभागावर टेकायला त्या उपयोगी. लेप्टोगॅस्टरच्या पायांना त्या गाद्या नसतात, लांब नखं असतात. काडी पकडून लोंबकळणाऱ्या माशीला नखंच पुरतात, असं मला त्यातून दिसतं. चार्ल्स मार्टिन या अमेरिकन अभ्यासकाला हा सगळा वेगळेपणा इतका मोठा वाटला की १९६८ मध्ये त्याने या ‘गवतमाश्यां’चं वेगळं कुळच मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना पुन्हा लुटारू माश्यांच्या कुळात आणलं, आणि आज त्या ॲसिलिडींमधलं एक उपकुळ म्हणून मानल्या जातात. त्याचा निष्कर्ष टिकला नाही, पण माशी जगते कशी हे तिच्या पायांच्या शेजारी मांडून बघण्याची त्याची दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

आणि चौथी, आपल्या बागेपर्यंत येणारी, ओमॅटियस. घराजवळच्या झुडपांवर, कुंपणाच्या तारेवर, सुकलेल्या देठांवर तिरपी बसलेली ही करडी-काळसर माशी सगळ्यांत सहज सापडते. तिची खूण स्पर्शिकेत आहे: स्पर्शिकेच्या टोकाला जो बारीक काटा निघतो त्याला एका बाजूने केसांची ओळ असते. चांगल्या फोटोतही ती दिसते. काही जातींच्या नरांच्या पंखाची पुढची कडा बाहेर फुगलेली असते. हिच्या जवळची मिकोटामिया, सडपातळ, उदराच्या टोकाकडे तांबूस-सोनेरी झाक असलेली, पाल्याच्या सावलीत दिसते. या दोघी डामालिससारख्या अगदी शेंड्याचा हट्ट धरत नाहीत. ओमॅटियस देठाच्या बाजूलाही बसते, काडीच्या मध्यावरही. जागेवरून ओळखायची सवय लागली की इथे सावध राहावं लागतं. जागा आपल्याला प्रजातीच्या दारापर्यंत नेते. दार उघडायला स्पर्शिका, पंखशिरा आणि डोळेच लागतात. आणि पुढे जात ठरवायची तर नमुना तज्ज्ञाकडे जायलाच हवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून ओमॅटियसची जात छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ‘ओमॅटियस, जात ठरलेली नाही’ ही नोंद पूर्ण प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे.

पंखशिरांचं एक लहानसं सूत्र सांगून हा भाग संपवते. पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाच्या अलीकडे एक लांबट खण असतो. ओमॅटियस आणि ॲसिलिनी उपकुळातल्या मोठ्या लुटारू माश्यांमध्ये तो पंखाच्या कडेला पोचण्याआधी बंद होतो. डामालिस, स्टिकोपोगॉन, लेप्टोगॅस्टर यांच्यात तो कडेपर्यंत उघडा राहतो. फोटोत पंख पसरलेला असेल तर एवढ्या एका गोष्टीने निम्मे पर्याय गळतात.

मग फोटो काढायचा कसा? आजकाल माशी चौकटभर मोठी दिसेल असा फोटो काढायची धडपड असते, आणि मग कडा कातरून उरलेली काडीही काढून टाकली जाते. माझी विनंती आहे की पहिला फोटो दोन पावलं मागून काढा. माशी ठिपक्याएवढी दिसली तरी चालेल, पण झुडूप, काडीची उंची, आजूबाजूचा उघडा भाग त्यात यायला हवा. मग बाजूने, मग समोरून डोकं, मग वरून पंख. आणि टिपणवहीत चार गोष्टी: वेळ, जागा कशाची (वाळू, दगड, गवत, वठलेली काडी, पान, खोड), जमिनीपासून उंची, आणि माशीचं तोंड सूर्याकडे होतं की उन्हाला आडवं. तोंडात भक्ष्य असेल तर त्याचाही फोटो. भक्ष्याची नोंद मिळणं हे मोठं भाग्य असतं. ती उडाली तर लगेच पाठ फिरवू नका. यांतल्या बऱ्याच जणी त्याच काडीवर परत येतात, आणि परत येते की नाही हीसुद्धा एक नोंद आहे.

या माश्या शेतकऱ्याच्या मित्र आहेत का, असं मला विचारलं जातं. त्या मावा खातात, तुडतुडे खातात, चिलटं खातात. त्या परागीकरण करणाऱ्या माश्याही खातात आणि एकमेकींनाही. आपला उपयोग हा त्यांच्या किमतीचा निकष असावा असं मला वाटत नाही.

मात्र त्यांच्या बसायच्या जागा फार झपाट्याने जात आहेत, आणि त्याबद्दल मी गप्प बसू शकत नाही. नदीतली वाळू उपसली की स्टिकोपोगॉनची जमीन तर जातेच, वाळूत ज्यांची अळी राहते अशा सगळ्यांचंच घर जातं. गवताळ माळ सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो आणि त्यावर सौर पॅनेल बसतात, नाहीतर उत्साहाने झाडं लावली जातात. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. पण जिथे शेकडो वर्षं गवतच होतं तिथे दाट रोपवन केलं की गवतमाशीला लोंबकळायला काडी राहत नाही. आणि टेकड्यांवर स्वच्छता म्हणून वठलेल्या काड्या मोडून, गोळा करून जाळल्या जातात. डामालिसला हिरवी फांदी चालत नाही असं मी म्हणत नाही. तिला उघडा शेंडा हवा असतो, आणि उघडा शेंडा बहुतेक वेळा वठलेल्या काडीलाच असतो.

या सभागृहात टेकडी संवर्धनाचं काम करणारी बरीच मंडळी बसलेली मला दिसताहेत. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. पावसाळ्यानंतर गवत कापायला सुरुवात होईल तेव्हा दहा-बारा फूट रुंदीचे काही पट्टे डिसेंबरपर्यंत उभे ठेवा. आग थोपवायला जाळपट्टे काढायचे असतील ते या पट्ट्यांपासून लांब काढा. पायवाटेच्या कडेच्या झुडपांच्या सुकलेल्या काड्या, कोणाच्या डोळ्यांत जाणार नाहीत एवढी काळजी घेऊन, तशाच राहू द्या. सकाळी नऊच्या सुमाराला त्या पट्ट्यांशेजारी एकेक जण वही घेऊन उभा राहिला, तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून आपल्या टेकडीवरच्या लुटारू माश्यांची यादी वाचता येईल, आणि त्या यादीत प्रत्येक नावापुढे ती बसली कुठे होती तेही लिहिलेलं असेल.